मेंदूतला कॅन्सर नेमका होतो कसा? (काकांच्या निमित्ताने)

मृण्मयी_बडोदा | ४ जून, रात्री ११:२०

नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय.

गेल्या गुरुवारी धाकटे काका (वय ४६) खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना पडले. आधी उजव्या हाताला झटके, मग तोंड वाकडं, मग सगळं अंग. लोकांनी नाकाशी कांदा धरला, चप्पल धरली. दोन-तीन मिनिटांत थांबलं, पण पुढे अर्धा तास त्यांना शब्द सापडत नव्हते. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. रिपोर्टात 'लो ग्रेड ग्लायोमा असावा' असं आहे. तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही म्हणाले.

त्या दिवसापासून घरात एकच चाललंय: कशामुळे? आजी म्हणते, बारा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला होता, तोच मार. बाबा म्हणतात मोबाइल. मंगळ बाजारच्या दुकानात दिवसभर कानाला लागलेला असतो. काकू काल रात्री माझ्याजवळ रडली, "दुकान विकू नका म्हणून मीच हट्ट धरला, त्या टेन्शननं झालं हे." काकांना तंबाखू नाही, सिगारेट नाही.

डॉक्टरांनी पंधरा मिनिटं समजावलं, आम्हाला त्यातलं दोन मिनिटांचं कळलं. हा आजार तयार कसा होतो, कोणी मराठीत सांगेल का?

---

तन्मय_बी | ४ जून, रात्री ११:४१

ताई, काका लवकर बरे होवोत. वाचतोय.

---

वाडीकर | ५ जून, सकाळी ६:५०

बाळ, तुझ्या बाबांचं बरोबर आहे. आमच्या वाडीत समोरच्या गच्चीवर टॉवर आला आणि चार वर्षांत गल्लीत दोन जणांना कॅन्सर झाला. आमच्या लहानपणी मेंदूचा कॅन्सर हे नावही ऐकलं नव्हतं. तो मोबाइल आधी दूर करा.

---

सूक्ष्मदर्शिनी | ५ जून, दुपारी २:१५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, इंदूरला. अशाच तुकड्यांच्या स्लाइड्स रोज बघते. काकांचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल काही सांगत नाही, आजाराबद्दल सांगते.

'मेंदूचा कॅन्सर' या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी येतात. एकात फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड अशा ठिकाणचा कॅन्सर रक्तातून येऊन मेंदूत बसतो. मोठ्या माणसांत हाच प्रकार जास्त. दुसरा मेंदूतच उगवतो, आणि ग्लायोमा त्यातला. विचार करणाऱ्या पेशी म्हणजे न्यूरॉन मोठेपणी जवळजवळ विभागत नाहीत, म्हणून त्यांच्या गाठी क्वचित. पण त्यांची उस्तवार करणाऱ्या ग्लिया पेशी असतात. कोणी न्यूरॉनचं खाणंपिणं बघतात, कोणी त्यांच्या तारांवर मायलिनचं वेष्टण चढवतात. या पेशी आणि त्यांच्या मूळ पेशी विभागू शकतात, आणि गडबड तिथे सुरू होते.

पेशी विभागते तेव्हा डीएनएची सुमारे ६०० कोटी अक्षरं नव्याने उतरवून काढते. कितीही जपून लिहा, पोथी उतरवताना काना-मात्रा चुकतेच. बहुतेक चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतात, नाहीतर निरुपद्रवी जागी पडून राहतात. क्वचित एखादी चूक 'विभागणी थांबव' असं लिहिलेल्या जागी होते. तेवढ्यानेही कॅन्सर होत नाही. त्याच पेशीच्या वंशात आणखी चुका साचाव्या लागतात: एक थांबा काढणारी, एक म्हातारपण टाळणारी, एक पहारेकऱ्यांना चुकवणारी. याला वर्षं लागतात.

मोठ्या माणसांच्या लो ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, ग्लायोमात बहुतेक वेळा पहिली चूक आयडीएच नावाच्या जनुकात असते. मेंदूच्या गाठींमध्ये ती २००८ साली सापडली. ती झाली की पेशी एक भलतंच रसायन बनवायला लागते, आणि त्यामुळे पेशीला मोठं होण्याचे निरोप वाचता येत नाहीत. ती मोठी होत नाही, पोरच राहते. आणि पोर पेशी विभागत राहते.

म्हणजे काकांची गाठ याच जातीची निघाली, तर पहिली चूक कित्येक वर्षांपूर्वी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना झालेली असणार. दुकानाचा विषय निघण्याच्या खूप आधी. हे काकूंना आजच सांगा.

---

मृण्मयी_बडोदा | ५ जून, दुपारी ३:०५

ताई, काकूला आत्ताच वाचून दाखवलं. "दुकानाच्या आधी" हे दोनदा वाचायला लावलं तिने.

---

सूक्ष्मदर्शिनी | ५ जून, रात्री ९:३०

वाडीकर काका, तुमची काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर देते. मोबाइलच्या लहरींत डीएनएची साखळी तोडण्याइतकी ताकद नसते. ती क्ष-किरणांत असते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी 'कदाचित कारक' या गटात टाकल्या, कारण पुरावा अपुरा आणि उलटसुलट होता. लोकांच्या मनात ते तेवढंच राहिलं. पुढे त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. आज घरोघरी मोबाइल आहे. तो कारण असता तर एव्हाना या गाठींचं प्रमाण त्याच वेगाने चढलेलं दिसलं असतं.

सिद्ध झालेलं एक कारण म्हणजे लहानपणी डोक्याला दिलेलं रेडिएशन. इस्रायलमध्ये १९५० च्या सुमारास डोक्यावरच्या नायट्यासाठी हजारो मुलांना क्ष-किरण दिले, आणि पुढे त्यांच्यात मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या गाठी, जास्त निघाल्या. थोड्या घराण्यांत आनुवंशिक दोष असतो. बाकी बहुसंख्य रुग्णांत बोट दाखवावं असं काहीही सापडत नाही.

आणि पूर्वी नाव ऐकलं नव्हतं, कारण सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला, तोही इंग्लंडात. त्याआधी माणूस 'डोक्यात वारं गेलं' म्हणून जायचा.

---

वाडीकर | ६ जून, सकाळी ६:४५

डॉक्टरीणबाई, टॉवरचं मला अजून पटलेलं नाही. पण शेवटचं वाक्य वाचून माझे मोठे मामा आठवले. शेवटचे तीन महिने डोकं धरून बसायचे, सकाळी उठले की उलटी. घरच्यांनी बाहेरचं बघितलं, उतारे टाकले. १९६४ ची गोष्ट. असो.

---

लष्करकर | ६ जून, सकाळी १०:१२

ग्वाल्हेरहून. गाठ म्हटलं की कॅन्सरच, असं धरून बसू नका, एवढ्यासाठी लिहितो. माझ्या बहिणीला वयाच्या २९ व्या वर्षी अशीच फिट आली. स्कॅनमध्ये गोल कडं असलेली गाठ. आमच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही. शेवटी निघाली टीबीची गाठ. दीड वर्ष गोळ्या घेतल्या, आज ती शाळेत शिकवते.

---

तन्मय_बी | ६ जून, सकाळी १०:३०

मेंदूत टीबी? आणि ते कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणतात, ते खरं का?

---

सूक्ष्मदर्शिनी | ६ जून, दुपारी १:५०

दोन्ही खरं. कोबीतला किडा म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अंडी. मैला मिसळलेल्या पाण्यावर वाढलेली भाजी नीट न धुता कच्ची खाल्ली, की शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात, आणि अळी मेंदूत जाऊन बसू शकते. आपल्या देशात फिट येण्याचं हे मोठं कारण आहे. म्हणून नुसत्या चित्रावरून कोणी कॅन्सर म्हणत नाही, तुकडा बघावाच लागतो. मात्र मृण्मयीच्या काकांच्या रिपोर्टाची भाषा वेगळी आहे, तेव्हा या आशेवर तपासणी लांबवू नका.

आणि फिट आलेल्या माणसाला कांदा-चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

---

सुषमामावशी | ६ जून, सायंकाळी ७:२०

मृण्मयी, काकांना सांगितलंत का? माझं ऐकशील तर सांगू नका. आमच्या ह्यांच्या वडिलांना कळलं आणि ते आठ दिवसांत खचले. आणि सुरी लागली की ही गाठ पसरते म्हणतात, तेही विचारून घ्या.

---

रेवाकाठ | ६ जून, रात्री १०:५५

मावशी, मला राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांना २०१९ मध्ये ग्लिओब्लास्टोमा झाला. वय ५८. हा चौथ्या ग्रेडचा, सगळ्यात वेगाने वाढणारा. आधी दोन महिने अर्धशिशी म्हणून गोळ्या घेतल्या, कुणी डोळ्यांचा पडदासुद्धा तपासला नाही. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन, ३० बैठका, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. सोळा महिने मिळाले. सूज उतरवायला स्टिरॉइड चालू होतं, त्याने भूक इतकी लागायची की रात्री दोनला उठून भाकरी मागायचे, आणि मी करून द्यायचे.

आम्हीही त्यांच्यापासून लपवलं. सगळे हसऱ्या चेहऱ्याने वावरत होतो. त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, हे मला शेवटी कळलं. त्यांना बँकेची कामं करायची होती, मुलीशी बोलायचं होतं. आम्ही दुखावू नये म्हणून तेही गप्प राहिले. त्यातले चार महिने आमच्या घरात कोणी कोणाशी खरं बोललं नाही.

आणि सासूबाई जाईपर्यंत म्हणत राहिल्या की मी त्यांना बदलीच्या गावी एकटं ठेवलं म्हणून झालं. मृण्मयी, तुझ्या काकूला जप. आजारी माणसाला सगळे जपतातच.

---

सुषमामावशी | ७ जून, सकाळी ८:०५

रेवाताई, वाचून पाणी आलं डोळ्यांत. माझा शब्द मागे घेते.

---

सूक्ष्मदर्शिनी | ७ जून, दुपारी २:४०

सुरीबद्दल. तुकडा काढल्याने ग्लायोमा पसरत नाही. तो मुळातच पसरत वाढतो, म्हणून 'ऑपरेशननंतर पसरला' असं वाटतं. मेंदूत लांब तारांचे जुडगे असतात, त्यांच्या कडेकडेने एकएक पेशी पुढे सरकते. काठ असा नसतोच. वाळूत सांडलेल्या तेलासारखं.

---

तन्मय_बी | ७ जून, दुपारी ३:१०

मग थोडा जास्तीचाच भाग काढून टाकला तर?

---

सूक्ष्मदर्शिनी | ७ जून, रात्री ९:००

तन्मय, हे करून झालंय. १९२० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जननी ग्लायोमाच्या रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भाग सबंध काढला. तरी गाठ परत आली, कारण पेशी मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा मधला पूल ओलांडून पलीकडे पोहोचल्या होत्या. म्हणून आता जेवढं सुरक्षित तेवढं जास्तीत जास्त काढतात, उरलेल्यावर रेडिएशन आणि औषध. औषधांतही अडचण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट की बहुतेक औषधं आतच शिरत नाहीत.

एक मात्र बरं: या गाठी मेंदूबाहेर सहसा जात नाहीत. म्हणून इथे 'स्टेज' विचारायची नसते, ग्रेड विचारायची. १ ते ४, म्हणजे पेशी किती उग्र आहेत.

---

मृण्मयी_बडोदा | ७ जून, रात्री ९:४५

काकांचं डोकं कधीच दुखलं नाही हो. मग एकदम फिट कशी?

---

सूक्ष्मदर्शिनी | ८ जून, सकाळी ७:३०

कवटी ही बंद पेटी. आत साधारण १४०० मिली मेंदू, दीडशे मिली पाणी, दीडशे मिली रक्त. गाठ भराभर वाढली की दाब वाढतो. आडवं झाल्यावर जास्त, म्हणून पहाटेची डोकेदुखी आणि उलटी, वाडीकर काकांच्या मामांसारखी. सावकाश वाढली तर मेंदू जागा करून देतो, वर्षानुवर्षं काही कळत नाही. पण गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर शेजारच्या न्यूरॉनना चिथावते. २०१९ मध्ये तर असं दिसलं की ग्लायोमाच्या पेशी न्यूरॉनशी थेट जोडण्या करतात आणि त्यांच्या विजेवर स्वतः वाढतात. ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्लाइडसमोर नुसती बसून होते. इतकी वर्षं ज्या पेशी बघतेय, त्या शेजाऱ्यांशी बोलत होत्या.

---

जेलरोडवाला | ८ जून, दुपारी १२:१५

मुंबईला नेणार असाल तर रेल्वेचा कॅन्सरसाठीच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून आधीच भरून घ्या. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. आम्ही आईसाठी इंदूरहून अकरा फेऱ्या केल्या, खूप आधार झाला.

---

मृण्मयी_बडोदा | १५ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. काकांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दुकानाची उधारीची वही आण, कोणाकडे किती आहे ते लिहून देतो."

मुंबईला दाखवून आलो. गाठ बोलण्याच्या जागेजवळ आहे, म्हणून जागेपणी ऑपरेशन करणार. मेंदूला स्वतःला वेदना नसते. कातडी आणि हाड बधिर करतात. मेंदूला हलका विजेचा स्पर्श करायचा आणि त्याच वेळी काकांना चित्रं दाखवायची. नाव अडलं तर ती जागा सोडायची. वाणीतज्ज्ञ बाईंनी विचारलं, कोणती भाषा बोलता? काका म्हणाले, घरी मराठी, दुकानात गुजराती. तर म्हणाल्या, दोन्ही तपासू, कारण एखाद्या जागी एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते.

आता आम्हाला दोन्ही भाषांत नावं वेगळी असलेल्या वस्तूंची यादी हवीय. छत्री, मोर, पोपट, पंखा सगळं सारखंच! बडोदेकरांनो, मदत करा.

---

वाडीकर | १६ जून, सकाळी ६:३०

मांजर – बिलाडी. कांदा – डुंगळी. सुरी – चप्पू. दार – बारणुं. खिडकी – बारी.

---

सुषमामावशी | १६ जून, सकाळी ९:००

फुलपाखरू – पतंगियुं. खार – खिसकोली. माकड – वांदरो.

---

रेवाकाठ | १६ जून, सकाळी ९:२०

कासव – काचबो.

---

तन्मय_बी | १६ जून, सकाळी ९:३५

चिमणी – चकली. पण मराठीत चकली वेगळी, काका गोंधळतील.

---

वाडीकर | १६ जून, सकाळी १०:००

नाही गोंधळणार. बडोद्याचा माणूस आहे.

---

मृण्मयी_बडोदा | ११ जुलै, रात्री ८:५०

ऑपरेशन झालं. साडेपाच तास, त्यातला पाऊण तास काका बोलत होते. एका जागी 'डुंगळी' अडलं, ओठ हलत होते पण शब्द येईना, आणि मराठीत विचारल्यावर 'कांदा' स्पष्ट आलं. ती जागा सोडली. चकलीच्या चित्राला दोन्ही भाषांत बरोबर बोलले. पाचव्या दिवशी शेव-उसळ मागितली. अजून बोलताना मध्येच थांबतात, ते काही आठवड्यांत सुधारेल म्हणाले.

आज तुकड्याचा रिपोर्ट आला: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २, आयडीएच म्युटेशन आहे, १पी/१९क्यू डिलीशन आहे. सूक्ष्मदर्शिनीताई, हे चांगलं का?

---

सूक्ष्मदर्शिनी | ११ जुलै, रात्री ९:२५

ग्लायोमांमध्ये यापेक्षा बरा कागद मोठ्या माणसाच्या नावावर फार वेळा येत नाही. मायलिन चढवणाऱ्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींची ही गाठ. स्लाइडवर तळलेल्या अंड्यासारखी दिसते, मधे केंद्रक आणि भोवती पांढरं. १ आणि १९ या गुणसूत्रांचे दोन तुकडे एकत्र गळलेले असले की रेडिएशन आणि केमोला प्रतिसाद चांगला मिळतो. दहा-पंधरा वर्षं आणि त्याहून जास्त जगणारे अनेकजण आहेत. पूर्ण गेली असं मात्र कधी म्हणता येत नाही. एमआरआय आयुष्यभर करत राहावे लागतील. ग्रेड वाढू शकते, म्हणून एकही चुकवू नका. रेडिएशन आत्ता की नंतर, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्या दिवशी काकांनाही समोर बसवा.

आणि आयडीएच निघालं. म्हणजे काकूंना मी जे सांगितलं होतं, ते आता त्यांच्याच घरच्या कागदावर आहे.

---

मृण्मयी_बडोदा | ११ जुलै, रात्री १०:४०

काकूने त्या ओळीखाली पेनाने रेघ मारलीय. रिपोर्ट आजीलाही वाचून दाखवला तिने. आजी म्हणाली, मग स्कूटर विकू नका, पोराला कामाला येईल. काकांना गाडी चालवायला बंदी आहे, तर चुलतभाऊ उद्यापासून दुकानात जातोय. पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात.

---

रेवाकाठ | ११ जुलै, रात्री ११:०५

ऑक्टोबरात इथेच लिही. मी बघत राहीन.

---

नवापुरावाला | १३ जुलै, सकाळी ७:१५

उशिरा आलो, पानं मागे जाऊन वाचलेली नाहीत. यादीत घालायला: बशी – रकाबी.